दक्षाच्या नावाची मिरची

“मॅडम, हे खरं का पुस्तकातलं?”

फळ्यावर काही लिहून मी वर्गाकडे वळले, की शेवटच्या बाकावरून हा प्रश्न यायचाच. विचारण्याआधी ते उभे राहायचे, डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांत धरायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. वर्गातली पोरं हसायची. सुरुवातीला मीही हसायचे. मग कळलं की ते थट्टा करत नाहीत. त्यांना खरोखरच दोन ढीग करायचे असायचे. मी “पुस्तकातलं” म्हणाले, तर ते मान डोलवायचे. “ते पन लिवून घेतो. पन मागच्या पानावर.”

असा विद्यार्थी मला आधी मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते विद्यार्थी नव्हतेच.

डहाणूच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी कृषी व्यवसायाच्या वर्गाला विक्रीचा विषय शिकवते. एक वर्षाचा अभ्यासक्रम. तलासरी, उधवा, सायवन या बाजूंनी बारावी झालेली मुलंमुली येतात. शेती त्यांना आमच्याहून चांगली येते. आम्ही शिकवतो ते पुढचं: माल निवडायचा कसा, भरायचा कसा, कुठल्या बाजारात न्यायचा, व्यापाऱ्याशी काय बोलायचं. प्रत्येकाने घरच्या जमिनीच्या एका तुकड्यात एक पीक घ्यायचं आणि पेरणीपासून विक्रीपर्यंत सगळं एका वहीत लिहायचं. वर्षाच्या शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन ती वही तपासतात.

हजेरीपटावर नाव होतं ते त्यांच्या मुलीचं. दक्षा.

दक्षा सायवनकडच्या एका पाड्यावरून यायची. हडकुळी, कमी बोलणारी, अक्षर मात्र छापल्यासारखं. महिन्यातून पाच-सहा दिवस ती गैरहजर असायची. विचारलं की “पाय दुखत होते, मॅडम” एवढंच सांगायची. मला ती सबब वाटायची. सहामाही अहवालात मी तिच्या नावापुढे लिहिलं, ‘हुशार आहे. हजेरी अनियमित.’

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं तेव्हा तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने सांगितलं, दक्षा गेली. तिला सिकल सेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता. लहानपणापासून सांधे सुजायचे, अंग ठणकायचं. सुट्टीत ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. तिने आजाराचं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. कॉलेजातून काढून टाकतील, अशी तिला भीती होती म्हणे.

त्यानंतर आठवड्याने ते आले. तिचे मूळ दाखले न्यायला. उंच, वाळलेला माणूस, पन्नाशीच्या आसपासचा. चपला ऑफिसच्या बाहेर काढून ठेवलेल्या. कारकुनाने दाखल्यांचं पाकीट दिलं, त्यात तो सहामाही अहवालही होता. ते पाकीट घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी अहवालावर बोट ठेवलं.

“तुम्ही विक्रीच्या मॅडम ना? हे काय लिवलंय? मी चौथी शिकलोय. हुशार वाचलं. पुढचं नाय समजलं.”

“अनियमित,” मी म्हणाले.

“म्हंजी?”

“म्हणजे… कधी यायची, कधी नाही.”

“हां.” त्यांनी कागदाची घडी घातली. “ते बरोबर हाय. गुडघे सुजलेले असले की मीच बोलायचो, आज नको जाऊ. कधी ऐकायची, कधी निम्म्या वाटेनं परत यायची. रडायची मग.” त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. मी चुकीचं काही लिहिलं नाही, हे ते मला समजावून सांगत होते. त्या दिवशी त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं.

मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक वही काढली. दक्षाची प्रकल्पवही. हिरवी मिरची. वाफे कसे केले, बी कधी टाकलं, रोपं कधी उपटून शेतात लावली, सगळं त्या छापील अक्षरात. शेवटची ओळ होती, ‘सर्व रोपे जगली.’ पुढची पानं कोरी.

“इथपर्यंत तिनं लिवलंय,” ते म्हणाले. “पुढं काय लिवायचं?”

“काका, आता त्याची गरज नाही.”

“पन रोपं हायत ना, मॅडम. फुलं यायला लागतील.”

मी वहीची कोरी पानं उलटली.

“वाढवायचं मला येतं. ते नका सांगू. पन आम्ही भात, नाचणी पिकवतो आनि खातो. विकायचं काय आपल्याला म्हाईत नाय. ती बोलायची, बाबा, मिरची आली की कशी विकायची ते मी शिकून येते. तेवढं ऱ्हायलं. ते मला शिकवा.”

प्राचार्यांना विचारलं. ते चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, “बसू दे. विचारलं कोणी तर मी बघतो.”

असे ते वर्गात आले. आठवड्यातून दोन दिवस, माझ्या तासांना. चपला वर्गाबाहेर. दक्षाच्या जागेवर बसा, असं मुलं म्हणाली, पण ते तिथे कधी बसले नाहीत. शेवटच्या बाकाच्या टोकाला बसायचे, कोणी उठ म्हणालं तर लगेच उठता यावं असे.

त्यांनी माझा वर्ग बदलून टाकला, हे कबूल करायला हवं. एकदा मी दुकानदार आणि गिऱ्हाईक असा खेळ घेतला. ते दुकानदार, वर्गातली एक मुलगी गिऱ्हाईक. ती म्हणाली, “काका, मिरची द्या.” त्यांनी टोपलीतून ओंजळ भरली आणि तिच्या ओढणीत टाकली.

“काका, भाव सांगा!” मी ओरडले.

“भाव काय? तिला पायजे हाय.”

“विकायची आहे ना पण?”

ते विचारात पडले. “ओळखीच्या मानसाला विकायची कशी, ते शिकवा आधी.” वर्ग टेबलं बडवून हसला. तेही हसले. दाराशी उभं राहून ऐकणारा शिपाईसुद्धा हसला. मला आठवतंय, मी त्यांना हसताना पहिल्यांदा तेव्हाच बघितलं.

मालाची प्रतवारी शिकवायची होती, तेव्हा मात्र मी बाजूला झाले. लांब, सरळ, गर्द हिरव्या मिरच्या एकीकडे, वाकड्या आणि फिक्या दुसरीकडे, डागाळलेल्या तिसरीकडे. मी तक्ता काढून सांगत होते. त्यांनी ढिगात हात घातला आणि खिडकीबाहेर बघत, नुसत्या बोटांनी तीन ढीग लावले. एकही मिरची चुकली नाही. “हे खरं,” त्यांनी स्वतःच जाहीर केलं.

आणखी एका तासाला मी सांगितलं, मालाला नाव द्या. पोत्यावर, खोक्यावर नाव हवं, म्हणजे बाजार तुम्हाला ओळखतो. मुलांनी इंग्रजी नावांची झुंबड उडवली. ते उभे राहिले. टोपी हातात.

“मालाला नाव देतात, हे खरं का पुस्तकातलं?”

“खरं, काका.”

“कोनाचं पन चालतं?”

“कोणाचंही.”

ते खाली बसले. त्यांनी नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

वहीत मात्र ते पेन लावत नसत. पेन्सिलीने लिहायचे. “चुकलं तर खोडता येतं. तिची वही खराब नको व्हायला.” तिच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन बोटं जागा सोडली होती आणि मग स्वतःचं अक्षर सुरू केलं होतं. मोठं, तिरपं, एका पानावर जेमतेम सहा ओळी. मी पान तपासून परत देताना ते पेन्सिलीचे कण हलकेच फुंकून टाकायचे.

जानेवारीत मी प्रकल्प बघायला त्यांच्या पाड्यावर गेले. डोंगराच्या उतारावर सात-आठ घरं, खाली विहीर, विहिरीजवळ तो मिरचीचा तुकडा. एवढं निगुतीनं राखलेलं शेत मी फार थोडं पाहिलंय. तण नावाला नाही. ते वाफ्यांतून पुढे चालत मला एकेक ओळ दाखवत होते. “ही तिनं लावलेली. ही पन. ही माझी, म्हनून जरा वाकडी.”

मी घराकडे आले तेव्हा त्यांच्या बायकोने पाणी दिलं. ओट्यावर माझ्यापासून जरा लांब बसल्या. मग शेताकडे बघतच म्हणाल्या, “तुमच्याकडून येतो आनि सांजेला सगळं सांगतो. आज हे शिकवलं, आज ते शिकवलं. ती सांगायची तसंच. मी चुलीपाशी बसून ऐकते.”

“त्यांना बरं वाटतं, काकू.”

“त्याला वाटतं,” त्या म्हणाल्या. “त्याच्याकडं वही हाय. माझ्याकडं काय हाय, मॅडम?”

मी पेला खाली ठेवला. एवढे दिवस ह्या बाईचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ माझ्या हातात राहू दिला आणि मग कोंबड्या हाकलायला उठून गेल्या.

मिरचीचा पहिला तोडा झाला, आणि ते दोन पोती घेऊन डहाणूच्या बाजारात आले. मला आधीच सांगून ठेवलं होतं, “मॅडम, तुम्ही नुसत्या उभ्या ऱ्हावा. बोलायचं मी बोलतो.” मी पाच पावलांवर उभी राहिले. पोत्यांवर निळ्या रंगाने, ब्रशने, मोठ्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दक्षा’.

व्यापारी म्हातारा गुजराती गृहस्थ होता. त्याने पोतं उघडलं, तळाशी हात घालून मूठभर मिरची वर काढली. लोक वर चांगला माल ठेवतात आणि खाली कचरा भरतात, म्हणून. तळाची मिरची बघून त्याने मान वर केली. “बधो माल एकसरखो छे!” सगळा माल एकसारखा आहे म्हणून त्याने शेजारच्या गाळ्यावरच्या माणसालाही ती मूठ दाखवली. मग पोत्यावरचं नाव वाचलं. “दक्षाबेन कोण? तुझी बायको?”

“पोरगी.”

“पोरीनं पिकवली? शाब्बास. आजच्या टायमात पोरी शेती करते कुठं?” बोलता बोलता त्याने पावतीपुस्तकातून विक्रीची पट्टी फाडली, तिच्यावरही दक्षाबेन असंच लिहिलं. “दक्षाबेनला सांग, दर आठवडे माल मलाच द्यायचा. आणि एक वार घेऊन ये तिला. चा पाजतो.”

मी काकांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, “सांगतो.”

बाजारातून बाहेर पडलो. रिक्षांच्या गर्दीतून ते माझ्या पुढे चालत होते. स्टेशनच्या रस्त्याला लागल्यावर थांबले.

“मॅडम, तुम्हाला वाटल, मी खोटं बोललो.”

“नाही काका.”

“सांगतो म्हनालो. सांगतोच की. रोज सांगतो.”

त्यांनी टोपी काढली, तोंड पुसलं, परत घातली. दुपारच्या उन्हात लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते.

मग दर आठवड्याला मिरची जात राहिली. व्यापारी चौकशी करत राहिला. दक्षाबेन शाळेला गेली काय, दक्षाबेनचं लग्न ठरलं काय. ते कधी “हां” म्हणायचे, कधी नुसतं हसायचे. त्या महिन्यांत त्यांच्या चालण्यात एक घाई असायची, ज्याची कोणीतरी वाट बघत आहे अशा माणसासारखी. ते बघून मला बरं वाटायचं. आपण केलेल्या चुकीची थोडी भरपाई होते आहे, असंही वाटायचं. मी ते इथे लपवत नाही.

मार्च संपता संपता माझ्या लक्षात आलं, की वही पुढे जात नाही. बाकीच्या मुलांच्या वह्या पूर्ण झाल्या होत्या. ते एकच धडा पुन्हा पुन्हा विचारत. “भरन्याचं परत सांगा ना, मॅडम.” मी परत सांगायचे. ते मन लावून ऐकायचे आणि काहीच लिहायचे नाहीत. मला वाटलं, त्यांना जमत नाहीये. म्हणून मी एक दिवस त्यांच्या शेजारी बसले आणि शेवटचं पान पूर्ण करून घेतलं. मथळा होता ‘निष्कर्ष’.

“म्हंजी?”

“शेवटी काय कळलं, ते लिहायचं.”

ते खूप वेळ बसून राहिले. मग पेन्सिलीने लिहिलं, ‘मिरची चांगली आली. बाजारात नाव झाले.’

“झालं की काका! पूर्ण झाली वही,” मी टाळी वाजवून म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर अजून माझ्या डोळ्यांसमोर येते. तेव्हा मला उमगलं, की त्यांना जमत नव्हतं असं नाही. ते पुरवून पुरवून लिहीत होते.

परीक्षक म्हणून आलेल्या बाई भल्या होत्या. मी त्यांना आधीच सगळं सांगितलं होतं. मुलांच्या तोंडी परीक्षा झाल्यावर त्यांनी काकांना आत बोलावलं, खुर्ची दिली, वहीचं पानन्‌पान वाचलं. प्रश्नही विचारले. माल कसा निवडला, पोत्यात वारा खेळता कसा ठेवला, व्यापारी कसा निवडला. काकांनी सगळ्याची उत्तरं दिली, आमच्या कितीतरी मुलांपेक्षा चांगली. मी दाराशी उभी होते, मला अभिमान वाटत होता. बाईंनाही वाटत असावा, कारण त्यांनी अगदी मनापासून, मायेने शेवटचा प्रश्न विचारला. तो त्या सगळ्यांनाच विचारत होत्या.

“मग पुढच्या वर्षी काय लावणार?”

ते उठून उभे राहिले. टोपी काढली.

“पुढच्या वर्षी,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले, जणू हा धडा मी शिकवायचा विसरले होते. “पुढच्या वर्षी ती कुठं हाय, मॅडम?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग ते रडले. दाखले न्यायला आले तेव्हा रडले नव्हते, बाजारात नाही, शेतात नाही. त्या दिवशी उभ्याउभ्या, टोपी तोंडावर धरून, लहान मुलासारखे रडले. बाहेर बाकांवर बसलेली मुलं एकेक करून उठून दारात आली. दक्षाच्या शेजारी बसणारी मुलगी पुढे झाली आणि त्यांना धरून व्हरांड्यात घेऊन गेली.

बाईंनी वहीवर सही केली. मार्क कुठे मांडायचे, ते त्यांनाही कळेना, मलाही.

जूनमध्ये नवीन वर्ग सुरू झाला. मी निरोप पाठवला, काका, या, अजून पुष्कळ शिकवायचं आहे. आले नाहीत. बाजारात त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने मला ओळखलं. “दक्षाबेन दुसऱ्याला माल द्यायला लागली काय?” मी खरं सांगितलं. तो गादीवर मागे टेकला आणि त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

त्यानंतर एकदाच मी त्यांना पाहिलं. ऑगस्टात, तलासरीला. प्रवेशाची माहिती द्यायला मी तिथल्या एका शाळेत गेले होते. परत येताना हायवेवर माणसांची गर्दी दिसली. मासेमारीचा हंगाम सुरू झाला, की आमच्या भागातले पुष्कळ पुरुष गुजरातच्या बंदरांवर बोटीवर कामाला जातात. त्यांना न्यायला गाडी आली होती. त्या माणसांत ते होते. खांद्याला पिशवी, काखेत गोधडीची वळकटी. बायको शेजारी उभी.

“काका, तुम्ही? बोटीवर?”

“हां.” ते ओशाळून हसले.

“पोहता तरी येतं का?”

“नाय. शिकवतील की. विकायला नाय का शिकलो?”

“आणि शेत?”

“भात लावून झालाय. बाकी ती बघल.” त्यांनी बायकोकडे बघितलं. त्या दुसरीकडे बघत होत्या.

“पण का, काका? या वयात? घरी काय कमी आहे?”

गाडीवाल्याने हाक मारली. ते पुढे सरकले, परत आले. घाईघाईने, पण आवाज खाली करून बोलले.

“पहाटेची पहिली एसटी असते ना, मॅडम. पोरीला मीच उठवायचो. फाट्यापर्यंत सोडायला जायचो. अजून त्याच टायमाला जाग येते. उठतो, चालत जातो. एसटी थांबते. कंडक्टर दार उघडून बघतो. चढायला कोन नसतं. मग जाते ती.” त्यांनी वळकटी दुसऱ्या काखेत घेतली. “लय दिवस झाले. तिकडं समुद्रात एसटी येत नाय.”

ते गाडीत चढले. खिडकीजवळ जागा मिळाली नाही. दोन माणसांच्या मधून त्यांची टोपी दिसत होती. गाडी वळून हायवेला लागली, तेव्हा त्यांनी मान वळवून बघितलं की नाही, ते मला दिसलं नाही.

गर्दी पांगली. बायका पोरांना घेऊन आपापल्या वाटेने गेल्या. काकू तशाच उभ्या होत्या, हातात रिकामी पिशवी. मी जवळ गेले.

“काकू, आता घरी एकट्याच?”

“हां.”

“जाणार कशा? मी रिक्षा बघून देऊ?”

त्यांनी मान हलवली आणि रस्त्याच्या कडेला, थांब्याच्या पत्र्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “येल ना आता एसटी.”